स्फटिकाची डबी आणि सात रेघा

एका डोंगराळ गावात येसोबा नावाचा कारागीर राहत होता. तो स्फटिक घासून डब्या करायचा. काम असं, की डबीवर बसलेली माशीसुद्धा घसरावी! ही कला त्याला सासऱ्यांनी, गोमाजींनी शिकवली होती. गोमाजींची एक रीत होती. डबी घासून झाली की हिरकणीच्या टोकाने काठावर सात रेघा ओढायच्या, मगच झाकण ठेवायचं. येसोबा नाक मुरडायचा. महिनाभर घासायचं आणि शेवटी आपल्याच हाताने ओरखडे काढायचे? म्हाताऱ्याचं काहीतरीच!

मुलीच्या, चिमाच्या लग्नासाठी डबी केली, तेव्हा त्याने रेघांना चक्क फाटा दिला. लग्नाच्या सकाळी काठावर धुळीचा कणही राहू दिला नाही. मंगळसूत्र आत ठेवलं आणि झाकण लावलं.

मंगलाष्टकं झाली. भटजींनी मंगळसूत्र मागितलं. येसोबाने ऐटीत डबी पुढे केली, झाकणाला हात घातला आणि तो थिजलाच. झाकण हलेना! उचलून पाहिलं, सरकवून पाहिलं. छे! डिंक नाही, कडी नाही, खिळा नाही. सांधा शोधायला गेला, तर सांधाच दिसेना! आतलं मंगळसूत्र डोळ्यांना लखलख दिसत होतं आणि हाताला लागत नव्हतं. येसोबाला दरदरून घाम फुटला.

"हा अपशकुन आहे," वरमाय उठून उभी राहिली. "चला रे, उठा!"

चिमाचा चेहरा पांढराफटक पडला.

गोमाजी काठी टेकत पुढे आले. "जावईबापू, रेघा ओढल्या होत्या का?"

येसोबाने मान खाली घातली.

"मग हातोडा घ्या."

येसोबाने स्वतःच्या हाताने डबी फोडली. ती फुटली, पण सांध्यावर नाही, भलतीकडेच! मंगळसूत्र चिमाच्या गळ्यात पडलं, तेव्हा कुठे मांडवाने श्वास सोडला.

येसोबा मात्र तुकडा हातात घेऊन बसला होता. झाकण अजून काठाला घट्ट होतं. "मामा, हे झालं तरी कसं?"

"दगडाचा कण दुसऱ्या कणाला ओढतो. केसभर लांब असला तर त्याला पत्ताही नसतो. अगदी अंगाला अंग लागलं की मग सोडत नाही. रेघांच्या खरबरीत कडा झाकणाला तेवढं लांब धरतात."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"वीस वर्षं नाक मुरडलंत, जावईबापू. विचारलंत कधी?"



तात्पर्य: जी रीत आपल्याला खुळी वाटते, तिचं कारण आधी विचारावं, मगच ती मोडावी.