रिकामं परत आलेलं पातेलं

भांडी आपसांत बोलायची, त्या काळातली गोष्ट. द्वारकाकाकूंच्या फळीवर एक पोचे पडलेलं पितळी पातेलं होतं. शेजारी कुणी आजारी असो की बाळंतीण, काकू काही रांधायला लागल्या की ते आपणहून फळीच्या कडेला सरकायचं.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही गावाची रीत. म्हणून येताना पातेल्यात कधी मूठभर शेंगा असायच्या, कधी गुळाचा खडा.

"खाऊसाठी हिंडतंस, दुसरं काय!" फळीच्या मागच्या कोपऱ्यातला काचेचा वाडगा म्हणायचा. तो कधी घराबाहेर गेलाच नव्हता.

एकदा राघू सुताराची बायको वारली. सुतकात त्याच्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून काकूंनी पिठलं केलं. पातेलं गेलं आणि संध्याकाळी घासूनपुसून परत आलं, पण रिकामं. दुःखाच्या घरून भांड्यात काही घालून देत नाहीत.

वाडगा हसला. "मग, आज काय मिळालं?"

"राघूची पोर सकाळपासून उपाशी होती," पातेलं म्हणालं. "शेवटी तिनं माझ्यात हात घातला. एक घास स्वतः खाल्ला, दुसरा बापाला भरवला. मग दोघांनी माझा तळ पुसून खाल्ला. ती बोटं फिरल्याचा आवाज अजून माझ्या अंगात घुमतोय. तुझ्या अंगात काय घुमतं रे?"



दुसऱ्या दिवशी राघूकडे आमटी न्यायला काकूंनी फळीकडे हात नेला, तर अगदी कडेला, पातेल्याच्याही पुढे, काचेचा वाडगा येऊन बसला होता.