चांदीच्या कपाळावरचा ठिपका

त्या राज्यात चुकलेल्या प्रत्येक जनावराला कोंडवाड्यात घालत, आणि न्यायला येणाऱ्याने आणलेल्या चिठ्ठीवरल्या चित्राशी हुबेहूब जुळल्याखेरीज कोणालाही सोडत नसत. दारावर बगळेराव कारकून होते. त्यांनी आजवर कोणाला ओळखलं म्हणून नाही; ओळखणं हे त्यांचं कामच नव्हतं. ते फक्त जुळवत.

बांडी शेळीची लेक चांदी आत अडकली होती. बांडीने चिठ्ठीवर लेकीचं तोंड काढलं, इवलीशी शिंगं काढली, कपाळावरचा पांढरा ठिपका काढला. बगळेरावांनी मान हलवली. "चित्रात शिंगं लहान. आतलीची मोठी."

"अहो, इथेच कोंडून वाढली ती! तोंड तेच आहे ना?"

"तोंडाचं मला सांगू नका, बाई."

सहा महिने दरबारात खेटे घातल्यावर हुकूम निघाला: शिंगांचा लहानमोठेपणा पाहू नये. बांडी नाचतच आली. बगळेरावांनी चिठ्ठी घेतली आणि दाराजवळचा एक बोकड तिच्या हवाली केला.

"हा कोण मेला?"

"चिठ्ठीत ठिपका आहे. ठिपका म्हणजे शिंगं जुळली की कोणीही चालेल. जुना रिवाज."

आता बोला! बांडीने ठिपक्याविना दुसरी चिठ्ठी आणली. बगळेराव चांदीपाशी जाऊन परत आले. "चित्रात ठिपका नाही, हिला आहे. नसता तर आजच सुटली असती."

बांडी रडत पुन्हा दरबाराकडे धावली. दाराआड चांदीने ते शेवटचं वाक्य ऐकलं होतं. ती मागच्या भिंतीशी गेली आणि खडबडीत दगडावर कपाळ घासू लागली. फार दुखत होतं, पण घरी जायचं होतं.

चार दिवसांनी बांडी धापा टाकत नवा हुकूम घेऊन आली: ठिपक्याआधी रेघ ओढली असेल, तर ठिपका हा ठिपकाच समजावा. तिने चिठ्ठीवर ठिपका काढून त्याआधी रेघ ओढली. दार उघडलं. समोरच चांदी उभी होती, कपाळ सोलवटून लाल झालेलं.

"आई!"

"हीच हो! हीच माझी लेक!"

बगळेरावांनी चिठ्ठी पाहिली, कपाळ पाहिलं. "ठिपका नाही," म्हणाले, आणि तिला बाजूला सारून ठिपका शोधत आत गेले. मागच्या भिंतीवर, दगडाला पांढरे केस गोल चिकटले होते. त्यांनी चिठ्ठी तिथे धरून नीट निरखली.

"जुळलं," बगळेराव म्हणाले, आणि सुटकेचा शिक्का भिंतीवर मारला.