रंग जेवला कोण?

रंगाच्या कारखान्याचे मालक जिनदासशेठ ग्रामसभेत म्हणाले, “आमचा निळा रंग नदीतले जंतू महिन्याभरात खाऊन टाकतात. कारखान्याचं पाणी नदीत सोडायची परवानगी द्या.”

गावाचं पाणी तपासणाऱ्या यमुताईंनी परीक्षा मांडली. शेठजींनीच दिलेल्या दोन कोऱ्या माठांत रंग कालवला. एकात नदीचं पाणी होतं, दुसऱ्यात खळखळून उकळलेलं. तोंडं घट्ट बांधली.

महिन्याने दोन्हीकडचं पाणी नितळ निघालं. शेठजी मिशीत हसले. “बघा, दोन्ही माठांतला रंग फस्त.”

“उकळलेल्या पाण्यात जंतू जिवंतच नव्हते, शेठजी. मग तिथं रंग जेवला कोण?”

यमुताईंनी तो माठ फोडला. खापऱ्या आतून निळ्याशार होत्या.

“नदीच्या गाळातही असाच मुरेल,” त्या म्हणाल्या. “हा माठ होता म्हणून फोडून पाहिला. नदी कशी फोडून बघायची?”