देवदान सुताराचा उंबरा

एका गावात देवदान नावाचा एक सुतार राहत होता. गावाबाहेर नदीच्या अंगाला ख्रिस्ती वस्तीची थोडी घरे होती. त्या घरांतली दारे, खाटा आणि पाळणे सगळे देवदानाच्या हातचे. हात कसबी होता, स्वभाव सरळ होता. फक्त त्याच्या डोक्यात एक प्रश्न शिरला होता आणि तो काही केल्या बाहेर निघत नव्हता.

झाले असे, की एकदा बाहेरगावचे एक उपदेशक चर्चमध्ये येऊन सांगून गेले, की देवाने प्रत्येकाला काहीतरी हेतूने जन्माला घातले आहे. सांगून ते मोटारसायकलवर बसले आणि निघून गेले. प्रश्न मात्र देवदानाच्या गळ्यात पडला. मला कशासाठी घातले? खाटेचे पाय बसवायला? ते तर कोणीही बसवील.

देवदानाच्या घरात वडिलांपासून एक रीत चालत आली होती. सकाळी हत्याराला हात लावण्याआधी नित्य उपासनेच्या पुस्तकातले त्या दिवसाचे पान मोठ्याने वाचायचे, प्रार्थना करायची आणि मगच रंधा-करवत बाहेर काढायची. घराला खिडकी नव्हती, म्हणून वाचताना पुढचे दार सताड उघडे ठेवावे लागे. त्याची बायको हन्ना चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐके.

वस्तीला ही वेळ पाठ झाली होती. एकदा देवदान रंध्यावर वाकला, की कोणी हाक मारली तरी त्याची मान वर होत नसे. पण वाचनाच्या वेळी त्याचे हात रिकामे असत आणि दार उघडे असे. ज्याला काही मागायचे असेल तो तेव्हाच येऊन उंबऱ्यावर बसे. कोणाला पाळणा हवा असे, कोणाच्या दाराची बिजागरी निखळलेली असे. आणि कोणाच्या घरचे माणूस गेलेले असे, त्याला पेटी हवी असे.

वस्तीत बाकी कशाचीच श्रीमंती नव्हती. पण माणूस कितीही गरीब असो, तो पेटीशिवाय मातीत जात नसे. एवढा एक मान त्या लोकांनी जपला होता. त्यासाठी देवदानाच्या वडिलांनी घराच्या आढ्यावर कडुलिंबाच्या फळ्या कायम ठेवलेल्या असत. वापरल्या, की लगेच नव्या आणायच्या. पेटीची मजुरी घ्यायची नाही, हाही त्यांचाच नियम.

देवदान हे सगळे पाळत होता, पण मनातून वैतागलेला असे. पान अर्ध्यावर आले, की उंबऱ्यावर कोणीतरी खोकलेच म्हणून समजा.

"देव मला कायतरी सांगणार असतो, तेवढ्यात ह्यांच्या खाटा मोडतात," तो हन्नाला म्हणे.

"मग देवाला म्हणावं, खाटा मोडायच्या आधी सांग," हन्ना तव्यावरची भाकरी उलटत म्हणे.

एकदा रिबका नावाची एक तरुण पोर अशीच उंबऱ्यावर येऊन बसली होती. नवरा दूर वीटभट्टीवर कामाला आणि कडेवर लहानगा योना. त्याला उभे राहायला पांगुळगाडा हवा होता. देवदानाने उरलेल्या तुकड्यांतून तो करून दिला. पोराने गाड्याची दांडी धरली आणि खिदळत सरळ दाराबाहेर चालू लागले. हन्ना हसून हसून बेजार झाली. देवदान मात्र तिथेच ते विसरून गेला, कारण ज्याला तो आयुष्याचा हेतू म्हणत होता त्यात पांगुळगाडा कुठेच बसत नव्हता.

मग तालुक्याच्या गावी नवे मोठे चर्च उभे राहिले. ईस्टरच्या सकाळी त्याचे समर्पण व्हायचे होते. तिथले पाळकसाहेब स्वतः देवदानाच्या घरी आले. उपदेश करताना ज्याच्यामागे उभे राहायचे ते व्यासपीठ त्यांना सागवानात कोरून हवे होते. जाताना ते म्हणाले, "देवदान, हे काम तुझ्याच हातून व्हायचं होतं बघ."

झाले. देवदानाला उत्तर सापडले. इतक्या वर्षांत तो असा आनंदला नव्हता. त्याने शेताच्या कडेला पत्र्याची शेड उभारली आणि तिथे सागवान नेऊन टाकले. द्राक्षाचे वेल, गव्हाची कणसे, वर पंख पसरलेले कबूतर. पटाशी चालू लागली, की त्याला तहान-भूक आठवेना.

पहिल्यांदा वाचन थोडे आखूड झाले. मग तो उभ्या-उभ्या वाचू लागला. मग एक दिवस त्याने पुस्तक उघडलेच नाही.

"पान ऱ्हायलं की," हन्ना म्हणाली.

"देवाचंच काम चाललंय ना? मग वाचायचं आणि येगळं कशाला?" देवदान म्हणाला. "सण होऊ दे. सगळी पानं एकदम वाचून काढीन."

हन्नाला हे पटले नाही. पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी ती लेकीच्या गावी गेली. मग घरात रोज सकाळी दार उघडायलाही कोणी उरले नाही. उजाडायच्या आत देवदान कडी लावून शेडकडे निघून जाई.

ईस्टरचा आदला दिवस उजाडला. व्यासपीठावर पॉलिशचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता. दुपारी टेम्पो येणार होता आणि त्यातूनच तो तालुक्याला जाणार होता. रस्त्यात सागवानावर ओरखडा उठू नये म्हणून त्याने आढ्यावरच्या लिंबाच्या फळ्या काढून आणल्या होत्या. त्यांचा खोका करून व्यासपीठाभोवती ठोकायचा होता. वडिलांच्या फळ्यांना हात लावताना तो क्षणभर घुटमळला होता. सणानंतर नव्या आणू, असे म्हणून त्याने मनाची समजूत घातली होती.

वारा सुटला होता. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून त्याने शेडचे दार आतून लावून घेतले होते. उन्हे बरीच वर आल्यावर दारावर थाप पडली.

"मामा, जरा दार उघडता का?"

आवाज रिबकाचा होता. पांगुळगाड्याचे चाक निघाले असेल, असे त्याला वाटले. त्याने हातातला पॉलिशचा बोळा थांबवला नाही.

"दार उघडलं तर धूळ बसंल. आज जमायचं नाही. सणानंतर ये."

मग ती म्हणाली, "बरं."

आणि पावले लांब गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उपासनेला नवे चर्च माणसांनी भरून गेले. व्यासपीठावर पहिले ऊन पडले आणि कोरलेले कबूतर उजळून निघाले. पाळकसाहेबांनी देवदानाला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर शाल घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवदानाचे डोळे भरून आले. आपला जन्म वाया गेला नाही, असे त्याला वाटले, आणि ज्याला असे कधी वाटले असेल त्याने त्याला हसू नये.

दिवस कलताना तो एसटीने गावी परतला. शाल अजून खांद्यावरच होती. वस्तीत शिरण्याआधी कबरस्तान लागते. तिथे त्याला ताजी माती दिसली. ढिगारा अगदी लहान होता. सणाची चार फुले त्यावर ठेवलेली होती. उशाला क्रूस नव्हता. क्रूस करणारा गावात नव्हता, म्हणून कोणीतरी तिथे एक पांगुळगाडा रोवून ठेवला होता.

देवदानाला आपल्या हातचे काम ओळखू आले. तो जागच्या जागी खाली बसला.

कबर खणणारे याकोबबाबा तिथेच माती सारखी करत होते. त्यांनी वर न बघता सांगितले, "तापानं गेलं पोर. काल पहाटं. बाप भट्टीवरून यायच्या आत न्यावं लागलं, ऊन काय म्हणतंय बघतोस ना."

"पेटी?" देवदानाने विचारले.

"कशाची पेटी? आईच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलं. तुझ्या आढ्यावर बघितलं, तिथं फळ्या नव्हत्या. शेडकडं गेलो, तर तुझा टेम्पो निघून गेलेला." म्हातारा फावड्यावर रेलला. "काल सकाळधरनं ती तुझ्या उंबऱ्यावर बसून होती. आम्ही म्हटलं, अगं, दाराला कडी हाय, शेडमधी जा. ती म्हणाली, नाही, या वेळंला मामा वाचायला बसतात. येतीलच. मग ऊन वर आल्यावर गेली शेडकडं, आणि तशीच परत आली."

देवदानाने शाल खांद्यावरून काढली, पण ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना.

घरी येऊन त्याने कडी काढली. कोनाड्यातले पुस्तक घेतले आणि शनिवारचे पान शोधले. पानात आपल्याला शिक्षा लिहिलेली असेल अशी त्याची खात्री होती. तशी ती असती तर त्याला बरेही वाटले असते. पण पान साधेच होते. विहिरीच्या पाण्याबद्दल देवाचे आभार मानावेत, इतकेच त्यात सांगितले होते. लेकराबद्दल, दाराबद्दल एक अक्षर नव्हते. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचले आणि मग त्याला रडू कोसळले. त्या सकाळी त्याने ते पान नुसते वाचायला घेतले असते, तरी पुरले असते. दार उघडे असते, हात रिकामे असते आणि उंबऱ्यावर रिबका दिसली असती.

तो तसाच उठून रिबकाच्या झोपडीकडे गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लेकराचे झबले होते. देवदान दारातच उभा राहिला. किती तरी शब्द जुळवून आणले होते.

"पोरी, तू सांगितलं का नाहीस?" शेवटी एवढेच तो बोलला, आणि बोलताक्षणी त्याची त्याला लाज वाटली.

"तुम्ही सणानंतर ये म्हणालात," रिबका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर देवदानाला तो सोसवला असता.

मांडीवरच्या झबल्याची घडी करत ती आपणहून बोलली. "त्याला तोंडावर पांघरूण घेतलेलं चालत नव्हतं, मामा. झोपंतसुद्धा काढून टाकायचा. पेटी असती तर तोंड उघडं ठेवलं असतं. वर झाकण असतं ना. मग मला पदर घालावा लागला. माती डोळ्यांत जाईल म्हणून."

देवदान उंबऱ्याबाहेर मातीत बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत लपवले. त्या हातांना वेल कोरता येत होते, कबूतर कोरता येत होते. मात्र आता त्यांच्याजवळ करण्यासारखे काही उरले नव्हते.

"मी क्रूस करून आणतो," तो म्हणाला.

"आणा. पण गाडा काढू नका." मग तिने विचारले, "उद्या सकाळी वाचायला बसाल ना?"

देवदानाने मान वर केली. ती आपल्याला टोमणा मारते आहे असे त्याला वाटले. पण ती खरेच विचारत होती.

"बसा, मामा," ती म्हणाली. "अजून कुणाला यायचं असंल."

दुसऱ्या सकाळपासून देवदानाने वाचन कधी चुकवले नाही. पहिल्यांदा दार उघडायचे, मग पुस्तक. आढ्यावर फळ्या आल्या, मोठ्याही आणि लहानही. लहान फळ्या कामी येऊ नयेत अशी तो रोज प्रार्थना करी, आणि तरी त्या घासूनपुसून तयार ठेवी. उंबऱ्यावर कोणी खोकले, की तो ओळीवर बोट ठेवून उठे, आलेल्याचे नीट ऐकून घेई आणि मग त्याच ओळीपासून पुढे वाची. देवाने मला कशासाठी जन्माला घातले, हे त्याने पुन्हा कोणाला विचारले नाही. हन्नाच्या हे ध्यानात आले होते, पण ती त्यावरून त्याला कधी चिडवायला गेली नाही.

तालुक्याच्या चर्चमध्ये ते व्यासपीठ अजून आहे. लोक त्याच्यावरून हात फिरवतात आणि कोणाचे काम म्हणून विचारतात. देवदान ते बघायला परत कधी गेला नाही.

रिबका कधी कधी सकाळी येते. उंबऱ्यावर बसते, काही मागत नाही, पान संपेपर्यंत ऐकते आणि उठून कामाला जाते. वर्षातून एकदा विहिरीच्या पाण्याचे ते साधे पान येते. ते वाचताना देवदानाचा आवाज दर वेळी बसतो. त्या दिवशी उरलेल्या ओळी हन्ना वाचते.

तात्पर्य: देवाने आपल्याला कशासाठी पाठवले हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने रोजचे पान रोजच वाचावे आणि वाचताना दार उघडे ठेवावे, कारण ज्याच्यासाठी आपण जन्मलो ते काम आपल्याच उंबऱ्यावर येऊन बसते, आणि त्याला सणानंतर ये म्हटले तर ते परत येत नाही.