शेवटचं घर शोधायला गेलेला तुळाजी

फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षांमागची ते विचारू नका, कारण माझ्या पणजोबांनाही ती त्यांच्या पणजोबांनी सांगितली होती. तेव्हा हिवरदऱ्याला सडक नव्हती, शाळा नव्हती. पण चावडी होती, आणि चावडीवर बसून तोंडाच्या वाफा दवडणारी माणसं आजच्याइतकीच होती. कुणाचं वासरू हरवलं, कुणाकडे बारसं आहे, ओढ्याचं पाणी उद्या कुणाच्या शेताला जायचं, हे सगळं गावाला कळायचं ते एकाच माणसाच्या तोंडून. तो म्हणजे तुळाजी दवंडीवाला.

त्यानं वेशीत डफडं वाजवून हाळी दिली की खालच्या शिवारातले बैल नांगरासकट थांबायचे, असं म्हणतात. घरी मात्र हा माणूस मुका. त्याची बायको गोजरा म्हणायची, "समद्या गावाला सांगून सांगून माझ्यापुरतं काय उरतच न्हाई ह्यांच्याकडं."

हिवरदऱ्याची एक रीत होती. पंचांनी ठराव केला म्हणजे तो झाला, असं नाही. तुळाजीनं तो घरोघर सांगायचा, घरच्या माणसानं उंबऱ्यापाशी येऊन "ऐकलं" म्हणायचं. शेवटच्या घरानं "ऐकलं" म्हटलं की ठराव पक्का, तोवर कच्चा. कच्च्या ठरावावर कुणी गवताच्या काडीलाही हात लावायचा नाही. आणि दवंडीवाला वेशीबाहेर पडला की दवंडी अर्धी टाकून त्यानं माघारी वेशीच्या आत पाऊल ठेवायचं नाही. रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण शहाण्यानं घातली असणार. चावडीवर दहाजणांत माणूस जे सहज बोलून जातो, ते एकेका उंबऱ्यावर उभं राहून बोलताना जड जातं.

एका दुष्काळात उगवतीकडून काही कुटुंबं आली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं ती. गावानं त्यांना ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बसू दिलं. ती कापणीला यायची, बांध घालू लागायची, आपल्या झोपड्यांत निजायची. कुणाचं काही बिनसलं नव्हतं.

मग बुळकांडी आली. ही गुरांची महामारी. सकाळी वैरण खाणारा बैल दुसऱ्या दिवशी पाय ताणून पडायचा. गोठेच्या गोठे ओस पडले. मानाजी पाटलांची खिलारी जोडीही गेली. पाटलांनी ती वासरं असल्यापासून हातानं चारून वाढवली होती. पाटील वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण दुःख झालं की माणसाला कुणीतरी दोषी लागतो. चावडीवर कुणीतरी म्हणालं, हा रोग टेकाडावरच्यांनी आणला. त्या बिचाऱ्यांकडे धड एक शेळी नव्हती! पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही जगाची जुनीच चाल. पंचांनी ठरवलं, दवंडी पुरी झाली की टेकाड रिकामं करायचं आणि झोपड्या जाळून टाकायच्या.

तुळाजी चावडीच्या पायरीशी उभा होता. आजवर तो ठरावावर कधी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"पाटील, तितं राही नावाची बाळंतीण हाय. पोराची नाळ बी पडली नसंल अजून. ह्या उन्हात कुठं जाईल ती?"

"तू पंच हाईस का दवंडीवाला?" पाटील कडाडले. "तुजं काम सांगायचं. जा, सांग."

तेही खरंच होतं. तुळाजीनं डफडं गळ्यात घातलं.

वरच्या आळीत लोकांनी "ऐकलं!" असं जोरात म्हटलं. पुढंपुढं आवाज बारीक होत गेले. एका म्हातारीनं नुसती मान हलवली, तर तुळाजी तिच्या दारातून हलेना. शेवटी ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "ऐकलं रं बाबा. ऐकाय नगं हुतं."

मग तो ओढा ओलांडून टेकाडावर चढला. अगदी कडेची झोपडी राहीची. ती बाळाला पदराखाली घेऊन दारात आली. तुळाजीनं एक शब्द गिळला नाही, सगळी दवंडी जशीच्या तशी सांगितली. राहीचे ओठ हलले, तसा तो घाईनं म्हणाला, "थांब, बाई! बोलू नगं. आदी मला सांग, तुज्या म्होरं आनिक घर हाय का?"

"घर कुठलं, भाऊ? खिंडीपल्याड एका मेंढक्याचं पाल असतंय म्हणं."

"त्या पालात माणूस ऱ्हातो न्हवं? मग ते घरच की!" तुळाजीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "म्हंजी तुजं घर शेवटचं न्हवं. ठराव अजून कच्चा हाय. आता म्हण, आन् पोराला निजव."

राही डोळे पुसून म्हणाली, "ऐकलं, भाऊ. पर तुमी माघारी कवा येनार?"

"दवंडी पुरी झाल्यावर."

तिथून खाली गाव दिसत होतं. घराघरांतून चुलींचा धूर निघत होता, त्यात त्याच्याही घरचा असेल. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दवंडी पुरी झाली तर झोपड्या जळणार, आणि पुरी झाली नाही तर गोजरा पुन्हा दिसणार नाही. तो वळला आणि खिंड चढून गेला.

मेंढक्यानं सांगितलं, दरीत एक कोळसेवाला राहतो. कोळसेवाल्यानं सांगितलं, नदीकाठी कोळ्यांची घरं आहेत. आता तुम्हीच सांगा, जगात शेवटचं घर कुठलं? कुठल्याही उंबऱ्यावर उभं राहा, पुढचं घर दिसतंच. तुळाजी चालत राहिला. भरलेल्या नद्यांनी त्याला वाट दिली, असं म्हणतात. जंगलात वाघ आडवा आला, तर तुळाजीनं त्यालाही दवंडी ऐकवली, आणि वाघ मान खाली घालून गुरगुरत बाजूला झाला, असंही म्हणतात. वाघाचं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, पण बाकीचं खरं आहे.

इकडे गावकरी पलिते घेऊन ओढ्याकाठी बसून राहिले. ठराव कच्चा, तर काडी लावायची कशी? पाटलांनी तुळाजीला आणायला घोडेस्वार धाडले. ते एक डोंगर चढले की डफडं पुढच्या डोंगरावर वाजायचं. थकून परत आले, आणि येताना बातमी घेऊन आले. बुळकांडी सगळ्या मुलखात होती. जिथं टेकाडावरच्यांचं कुणी नावही ऐकलं नव्हतं, तिथंही गोठे ओस पडले होते.

पाटलांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग पंचांना बोलावून ठराव मागं घेतला. पण मागं घेतल्याची दवंडी कोण देणार? दवंडीवाला तर पहिला ठराव घेऊन निघून गेलेला.

तेव्हा गोजरा पायऱ्या चढून वर आली. त्याआधी कुणी बाई चावडी चढली नव्हती. तिच्या हातात जेवायची थाळी होती.

"म्या देते," ती म्हणाली.

थाळी वाजवत ती घरोघर फिरली, आणि त्या दिवशी घराघरातून असं "ऐकलं!" निघालं की झाडांवरची पाखरं उडाली. ती राहीच्या झोपडीपाशी गेली. राहीनं बाळ तिच्या पायावर घातलं. मग गोजरा खिंडीत चढली आणि दरीकडे तोंड करून ओरडली, "कारभारी, ठराव मागं घेतला वो! घरी या!"

फार लांबून डफड्याची एक थाप ऐकू आली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, तो मेघ गडगडला. तुळाजी आला नाही. कुणी म्हणतं, तो डोंगरात कुठंतरी पडला. माझे पणजोबा म्हणायचे, तो येतोय, पण जेवढा लांब गेला तेवढंच अंतर त्याला उलटं चालायचं आहे.

गोजरा म्हातारी होईपर्यंत खिंडीत जात राहिली. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय व्याली, पंचांनी काय ठरवलं, सगळं त्याला सांगायची. तिच्यानंतर गाव जायला लागलं.

आज हिवरदऱ्यात ग्रामपंचायत आहे, भोंगा आहे, मोबाइलवर गावाचा ग्रुप आहे आणि त्यावर सकाळी सकाळी फुलांची चित्रंही येतात. तरी ग्रामसभा संपली की सरपंच खिंडीत जातो आणि प्रत्येक ठराव तुळाजीला मोठ्यानं सांगतो. गटाराचा असो, दिव्यांचा असो. सांगून झालं की थोडा वेळ उभा राहतो, मगच सही करतो. बदलून आलेले ग्रामसेवक आधी हसतात. नंतर हसत नाहीत.

काही वर्षांपूर्वी शेवंताताई सरपंच होत्या. नव्या रस्त्याच्या कडेला वीटभट्टीवरच्या मजुरांनी झोपड्या टाकल्या होत्या. त्या हटवायचा ठराव ताईंनीच मांडला, आणि सगळ्या सभेनं हात वर केले. ताई खिंडीत गेल्या. ग्रामसेवक खाली वाट बघत राहिले. ताईंनी कागद उघडला, पहिली ओळ म्हटली. दुसरी काही तोंडातून निघेना. दरीत वारा वाहत होता. त्या बऱ्याच वेळानं कागदाची घडी घालून उतरल्या.

"झाला का सांगून, ताई?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "माझ्यानं त्याला सांगवेना."

झोपड्या अजून तिथंच आहेत. पुढच्या सभेत त्यांना नळ द्यायचा ठराव झाला. तो सांगायला ताई पुन्हा खिंडीत गेल्या, आणि त्यांचा आवाज पार खालच्या आळीपर्यंत ऐकू आला, असं म्हणतात.