देवकाय आणि देशोदेशीचे दगड

ज्या काळी आपल्या किनाऱ्यावर घोडे गलबतांतून यायचे आणि नारळ गलबतांतून जायचे, त्या काळातली ही गोष्ट. आडवेळ नावाचं एक बंदर होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मधे वाळूचा लांबच लांब दांडा, आणि त्या दांड्याच्या आडोशाला गाव. गावात किल्ला नव्हता, नाव घ्यावं असं देऊळही नव्हतं. एक विहीर मात्र होती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही तिचं पाणी गोड होतं. म्हणून मस्कतची, मलबारची, कच्छची गलबतं तिथं थांबायची, पाणी भरायची, आणि थांबलोच आहोत तर म्हणून नारळ आणि सुंभही भरायची. सगळ्या गावाचं पोट त्या पाण्यावर चालायचं.

विहीर देवकीच्या सासऱ्याची. सासरा वारला. नवरा गलबतावर गेला तो परत आला नाही. तो मस्कतला आहे की समुद्राच्या तळाशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागे राहिली देवकी, तिची लहानगी बायजी आणि विहीर.

ही देवकी भित्री होती. गोष्टीतल्या बायका कशा कमरेला पदर खोचून उभ्या राहतात, तशी ती अजिबात नव्हती. वीज चमकली की माजघरात जाऊन बसायची. पाणी शेंदताना पोर कुठं जाऊ नये म्हणून बायजीच्या कमरेला सुंभ बांधायची आणि दुसरं टोक माडाला. बायका हसायच्या. "गो देवकी, पोर आसा की वासरू?"

"वासरू हरावला तर गावता," देवकी मान वर न करता म्हणायची.

मला विचाराल तर तिला हसणाऱ्यांच्या घरात रांगतं मूल नसावं. पण ते असो.

भित्र्या माणसाला जे दिसतं ते इतरांना उशिरा दिसतं. दांड्याला एका ठिकाणी भगदाड पडत होतं. देवकी तिथं भरतीच्या रेषेवर काठी रोवून यायची, आणि पुढच्या अमावास्येला काठी पाण्यात गेलेली असायची. तिनं जाऊन दाजीबा खोताला सांगितलं. खोत ओटीवर सुपारी कातरत बसला होता.

"दर्या काय तुझ्याकडे जेवाक येतलो?" तो म्हणाला.

"जेवाक नाय. पाणी पिऊक येतलो," देवकी म्हणाली. "आणि एकदा तो पिऊन गेलो की त्या बावीचा पाणी कोणीच पिऊचा नाय."

खोतानं सुपारी तोंडात टाकली. बोलणं संपलं.

आता गलबतांची एक रीत होती. रिकामं गलबत वाऱ्यानं कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड भरत. आडवेळला माल चढवायचा तर आधी ते दगड काढावे लागत, आणि खलाशी ते खाडीत, जिथं नांगर पडेल तिथंच, टाकून देत. देवकी ते रोज बघत होती. एक दिवस ती विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि पाण्यासाठी आलेल्या गलबताच्या नाखव्याला म्हणाली, "पाण्याक पैसो नको. तुमचे दगड त्या भगदाडात नेऊन टाका. आधी दगड, मगे पाणी."

नाखवे कुरकुरले. पण जवळपास दुसरं गोड पाणी नव्हतं. होड्यांतून दगड जाऊ लागले. काळे, पांढरे, तांबूस, शिंपले चिकटलेले. कुठल्या मुलखातला कुठला दगड हे देवकी विचारून घ्यायची आणि विसरायची नाही, असं म्हणतात. बांध वाढत गेला. शेवटी मधोमध एक खिंडार तेवढं उरलं. तिथं ओढ इतकी होती की टाकलेला दगड डोळ्यांदेखत वाहून जायचा.

मग एका वैशाखात सालेम नाखव्याचं गलबत आलं. एवढं मोठं गलबत आडवेळनं पाहिलं नव्हतं. सालेम वाईट माणूस नव्हता. पावसाच्या आत घरी पोचायची त्याला घाई होती आणि माणसं तहानेनं सुकली होती. तो म्हणाला, "बाई, आज पाणी दे. दगड उद्या टाकतो."

उद्या म्हणणारे पहाटेच शीड उभारून पसार होतात, हे देवकीनं पाहिलं होतं. ती कठड्यावरून उठली नाही. सालेमही हट्टी. तो पाण्याशिवाय आणि दगडांसकट निघून गेला.

खोत धावत आला. "येवढा मोठा गलबत घालवलंस! आता सगळी गलबतां पलीकडच्या बंदरात जातली. मगे त्या दगडांचा सार करून जेवूचा काय आमी?"

देवकी पाणी शेंदायला वळली. तिला खोताची भीती वाटली नव्हती. ज्यांना आपण तहानलेलं पाठवलं ती माणसं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काळोख झाला. असं वादळ त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही, असं म्हणतात. खिंडारातून पाणी आत घुसलं आणि विहिरीच्या दिशेनं सरकू लागलं. गाव बोचकी घेऊन मागच्या डोंगरावर चढलं. सगळ्यांत भित्री देवकी तेवढी खाली राहिली. पोर पाठीला बांधून ती घागरींमागून घागरी शेंदत होती, कारण हे शेवटचं गोड पाणी ठरलं तर?

"देवकी, वर ये गो!" खोत वरून ओरडला.

"येतंय! येवढी भरतंय!"

तेवढ्यात पाठीवरची बायजी ओरडली, "आये, गलबत!"

सालेमचं गलबत होतं. शीड फाटलेलं, सुकाणू धरायला चार माणसं लोंबकळलेली. देवकीनं भरली घागर डोक्यावर घेतली आणि ती बांधावर चढली. लाटा तिच्या डोक्यावरून जात होत्या आणि घागरीत खाऱ्या पाण्याचा थेंब पडला नाही, असं म्हणतात. टोकाला जाऊन ती ओरडली, "आधी पाणी! दगड मगे!"

त्या वाऱ्यात ते ऐकू कसं गेलं हे मला विचारू नका. पण एक लाट आली, तिनं ते अजस्र गलबत सुपासारखं उचललं आणि चुलीवर भांडं ठेवावं तसं खिंडारात नेऊन ठेवलं. दगडांच्या वजनानं ते काठापर्यंत खाली बसलं. मागची लाट त्याच्यावर आपटली आणि परत गेली. पाणी विहिरीच्या कठड्याला टेकलं होतं, तिथंच थांबलं.

कुणी म्हणतात सालेमनंच सुकाणू फिरवलं. गलबतांतलं कळणारे म्हणतात, दोन्ही अशक्य आहे.

खलाशी बांधावरून चालत उतरले. देवकीनं एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतलं. सालेम सगळ्यांत शेवटी प्यायला. मिशा पुसून म्हणाला, "बाई, दगड पोचले."

यानंतर देवकी धीट झाली असं कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काठी रोवायला गेली. पुढं ती देवकाय झाली, सगळ्या गावाची आई, आणि खूप म्हातारी होऊन एका पावसाळ्यात बांध बघायला गेली ती घरी आली नाही. वादळाआधी बांधावर घागर घेतलेली बाई दिसते, आणि मग होड्या बाहेर पडत नाहीत, असं म्हणतात.

आडवेळचं बंदर कधीच बुजलं. मोठी गलबतं येत नाहीत. पण गावचं माणूस परमुलखातून येताना अजून एक दगड आणतं आणि घरी जाण्याआधी बांधावर ठेवतं. नवी नवरी माहेरचा आणते. कुवेतहून विमानानं येणारेही आणतात. बॅग उघडल्यावर ते विमानतळावरच्या साहेबांना काय सांगतात, देव जाणे.

आणि वाटेनं जाणारा कुणीही परका त्या विहिरीवर थांबला, तर त्याला आधी पाणी देतात. दगड कुणी मागत नाही. पाणी पिऊन झाल्यावर तो आपणहून इकडेतिकडे बघतो, एखादा धोंडा उचलतो आणि बांधाकडे जातो. आजवर एकही जण तसाच निघून गेला नाही, असं म्हणतात. याची खात्री मी देणार नाही. बांध मात्र दर वर्षी थोडा उंच होतो.