सरकारमान्य अंगारा

रणझुंजारराव महाराजांनी सकाळी सकाळी फर्मान काढलं : संस्थानातल्या अकराही दवाखान्यांतल्या नर्स काढा आणि तिथं सरकारमान्य मांत्रिक बसवा! पगार, गणवेश, रविवारची सुट्टी, शिवाय म्हातारपणी पेन्शन! कारण काय, तर महाराजांची उचकी त्रिकाळबाबांच्या अंगाऱ्यानं थांबली होती. ती तशीही थांबलीच असती, पण राजाला हे सांगणार कोण?

नर्स द्वारका लोंढे फर्मान वाचून तडक दरबारात आली.

"महाराज, गेल्या पावसाळ्यात साप चावलेले नऊ जण माझ्याकडं आले. नऊच्या नऊ आपल्या पायांनी घरी गेले. उद्या तिथं मंत्र म्हणणारा बसला, तर किती जण जातील?"

"शंका!" त्रिकाळबाबा किंचाळले. "बाई शंका घेतेय! शंकेनं मंत्र उलटतो!"

मागं बसलेल्या चाळीस मांत्रिकांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या हातात नोकरीचा अर्ज होता, पासपोर्ट साइझ फोटोसकट.

महाराज पक्के हेकट. म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत दाखवून दे की अंगाऱ्यापेक्षा तुझी सुई बरी. पण बाबांची परीक्षा घ्यायची नाही आणि शंकेचा शब्द तोंडातून काढायचा नाही! नाही जमलं, तर अकराही दवाखान्यांच्या किल्ल्या बाबांच्या हवाली!"

"म्हणजे हात बांधून पोहायचं!"

"पोह!"

"पोहते की!" म्हणून द्वारका निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सगळ्यांना चहा आला. मांत्रिकांनी तर सरकारी चहा म्हणून दोन-दोन कप रिचवले. कप खाली ठेवताच द्वारकेनं विचारलं, "दूध राजवाड्यातल्या तांबू गाईचंच ना? बिचारीला काल कुत्रं चावलंय."

प्रधानजींच्या हातातली बशी निसटली.

"घाबरू नका," द्वारका म्हणाली. "उजवीकडच्या टेबलावर बाबांचा अंगारा आहे, सरकारमान्य. डावीकडच्या टेबलावर माझ्या सुया. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. माझी कुणाला आडकाठी नाही."

"सुया किती? पोटात चौदा?" प्रधानजींनी पोटावर हात ठेवून विचारलं.

"नाही हो, आता दंडात देतात. चौदाही लागत नाहीत."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावीकडं झुंबड उडाली! सगळ्यांत पुढं त्रिकाळबाबा, दंड उघडा करून.

"आधी मला! मी वयानं मोठा आहे!"

"बाबा, सरका! माझे दोन कप झालेत!"

"आम्ही राजे आहोत!" म्हणत महाराजांनी बाबांना कोपरानं मागं लोटलं. अंगाऱ्याच्या ताटाजवळ एक माशी तेवढी होती.

द्वारकेनं हात जोडले. "महाराज, मी अंगाऱ्याला एक शब्द तरी वाईट बोलले?"

"नाही! टोच लवकर!"

"बाबांची परीक्षा घेतली?"

"नाही गं बाई!"

"मग अंगाऱ्यावर शंका कुणी घेतली, ते या रांगेतच मोजा!"

बाबांनी हळूच दंड झाकला. द्वारका म्हणाली, "आणि सुई कुणालाच नको. तांबूला चावलं ते आपलंच टिप्या कुत्रं, तेही खेळता खेळता. त्याला दरवर्षी लस दिलेली आहे. शिवाय दूध चांगलं खळखळून उकळलेलं होतं."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"कुणी विचारलंच नाही, महाराज! सगळे रांगेत घुसले."

महाराज आधी लाल झाले, मग एवढे हसले की मुकुट प्रधानजींना धरावा लागला. फर्मान तिथल्या तिथं फाडलं. अकराही नर्स कायम झाल्या, प्रत्येक दवाखान्याला लसींसाठी नवा फ्रीज मिळाला आणि द्वारकेला पैठणी.

दरबार उठला. महाराज मात्र हसू आवरत द्वारकेजवळ आले, इकडंतिकडं पाहिलं आणि बाही वर करून पुटपुटले,

"तरी पण बाई... एक टोचूनच टाका!"